मार्गशीर्षातला गुरुवार, स्टॉकहोम आणि व्हीगन वाटाण्याचं सूप

सांगलीची_सून

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज लेक लवकर झोपलीय तर लिहूनच टाकते. लांबलंय, चहा घेऊन बसा.

सासूबाई गेल्या डिसेंबरात आमच्याकडे स्टॉकहोमला आल्या होत्या. पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. इथे बाहेर जेवायला गेलं की माझी अर्धी भूक वेटरला प्रश्न विचारण्यातच संपते, यात मासा आहे का, स्टॉक कशाचा आहे, चीज कशाने घट्ट केलंय, जेलेटीन आहे का. आईंना ते बघूनच कसंतरी व्हायचं, म्हणायच्या अगं राहू दे, मी घरी जाऊन भात खाईन. म्हणून नवऱ्याने डोकं लढवलं की सोडरमाल्मवर एक जागा आहे जिथे सगळं स्वीडिश घरगुती जेवणच मिळतं पण शंभर टक्के व्हीगन, म्हणजे मांस-अंडंच काय, दूध-लोणीसुद्धा नाही, तिथे काही विचारायलाच नको. (नाव देत नाही, उगाच जाहिरात नको.) स्वीडिश लोक या प्रकारच्या जेवणाला हुसमन्सकॉस्ट म्हणतात, म्हणजे आपल्याकडे वरणभात-भाजी-पोळी म्हटल्यावर जे डोळ्यासमोर येतं ते त्यांचं. बटाटा, कोबी, वाटाणे, घट्ट सॉस, लिंगोनचा आंबटगोड जॅम.

तर गेलो. पाच पायऱ्या उतरून तळघरात, खिडक्यांत मेणबत्त्या, दारात ओल्या बुटांचा ढीग. फळ्यावर खडूने लिहिलेलं. गुरुवार होता आणि गुरुवारी स्वीडनमध्ये पिवळ्या वाटाण्याचं सूप, अर्टसोप्पा, आणि नंतर पॅनकेक, हे शतकानुशतकं चालत आलंय. मी मारे उत्साहाने आईंना सांगतेय की बघा इथे सैन्यातसुद्धा दर गुरुवारी हेच असतं, जुन्या काळी शुक्रवारी उपास असायचा म्हणून आदल्या दिवशी पोटभर जेवायची पद्धत पडली म्हणतात. आणि उपास हा शब्द माझ्याच तोंडून निघाल्यावर माझी ट्यूब पेटली.

मार्गशीर्षातला गुरुवार. आईंचा उपास. सकाळी त्यांनी आमच्या स्टडी टेबलवर कलश मांडला होता, मी स्वतः त्यांना नारळ आणून दिला होता, आणि मीच त्यांना जेवायला घेऊन आले होते.

त्या बिचाऱ्या काहीच बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, तुम्ही एवढे हौसेने निघालात, म्हटलं काहीतरी उपासाचं मिळेलच की, बटाटा तर यांचा राष्ट्रीय पदार्थ आहे म्हणतेस ना.

आता खरी गंमत. मी काउंटरवरच्या मुलाला विचारलं मॅश्ड पोटॅटोमध्ये काय आहे. तो एकदम छाती फुगवून, काळजी करू नका, दूध नाही, लोणी नाही, ओटचं दूध आणि ओटचं क्रीम! मी म्हटलं अरे दूध असतं तर चाललं असतं रे, ओट चालत नाही. तो बघतच राहिला. गाईचं दूध चालतं, लोणी चालतं, दही चालतं, पण आज धान्य चालत नाही. त्याने विचारलं ॲलर्जी आहे का, मी म्हटलं नाही, देवी आहे. (स्वीडिशमध्ये असंच काहीतरी बाहेर पडलं.) त्याच्या आयुष्यात व्हीगन हॉटेलात येऊन दुधाची चौकशी करणारी पहिली बाई मी असणार.

शेवटी आईंनी जे खाल्लं ते असं: सालीसकट उकडलेले छोटे बटाटे, त्यावरचा शेपू (हो शेपू! इथे बटाट्यावर कच्चा शेपू भुरभुरवतात) चमच्याने बाजूला सारून, मीठ, आणि वाटीभर लिंगोन. लिंगोन म्हणजे करवंदाच्या धाकट्या बहिणीसारखं लाल फळ, जंगलात पिकतं, साखरेत नुसतं कच्चं कालवून ठेवतात तरी महिनोन्महिने टिकतं. आईंनी बटाटा मोडला, त्यात लिंगोन कालवलं आणि पहिल्या घासाला डोळे मिटले. म्हणाल्या, बटाट्याच्या भाजीवर उपासाचं लिंबाचं लोणचं घेतलंय असं लागतंय, फक्त जिरं हवं होतं.

सूप मी डब्यात बांधून घेतलं. त्याचं पुढे काय झालं ते नंतर लिहिते, लेक उठली.

वरणफळ

"ॲलर्जी नाही, देवी आहे" 😂😂 मेले हसून. पुढचं लवकर टाक.

काकामहाराज

छान लिहिलंय. पण मूळ मुद्दा कुणीतरी स्पष्ट करा. व्हीगन म्हणजे शाकाहारीचा मोठा भाऊ असं मी समजत होतो. इथे तर उलटच दिसतंय, जे आपल्या उपासाला सगळ्यात पवित्र तेच त्यांना वर्ज्य, आणि जे त्यांना सगळ्यात निरुपद्रवी ते आपल्याला वर्ज्य. बटाटा तेवढा दोघांच्या बैठकीत बसतो.

केळफूल

काकामहाराज, मोठा भाऊ वगैरे काही नाही, दोन वेगळे प्रश्न आहेत. उपासाचा प्रश्न "आज मी काय सोडलं" आणि व्हीगनचा प्रश्न "हे कुणाकडून घेतलं". मी चार वर्षं व्हीगन आहे, पुण्यात, आणि माझ्या आईचं तूप प्रकरण अजून मिटलेलं नाही. पानात वरणभात वाढला की ती तुपाची वाटी माझ्यासमोरून अशी नेते जणू काही मी आजारी आहे.

आणि सून ताई, तुमच्या सासूबाईंना कुणी विचारलं का की दूध "चालतं" म्हणजे नक्की कुणाला चालतं? गाईला विचारलंय का? (भांडण नाही, खरंच कुतूहल.)

थंडगार

झालं, आला गाईचा विषय. दहा पोस्टच्या आत येतो म्हणून मी बायकोशी पैज लावली होती, जिंकलो.

मी उप्सालाला आहे. अर्टसोप्पावरून एक किस्सा. इथला एक राजा होता, चौदावा एरिक, भावाने त्याला गादीवरून उतरवून कैदेत टाकलं आणि १५७७ मध्ये तो मेला. लोक म्हणायचे वाटाण्याच्या सूपातून आर्सेनिक घातलं. १९५८ मध्ये त्याची कबर उघडून तपासणी केली तेव्हा खरंच आर्सेनिक सापडलं. आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनला दर गुरुवारी कुणी ना कुणी हा जोक मारतंच, आणि दर गुरुवारी सगळे पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसतात.

पण शाकाहाऱ्यांनो, नेहमीच्या जागी हे सूप डोळे झाकून घेऊ नका. अस्सल अर्टसोप्पात डुकराचं मांस असतं. माझी आधीची एक नोकरी होती तिथे कॅन्टीनमध्ये "वेगो" (म्हणजे शाकाहारी) अशी पाटी लावलेलं सूप मी सात महिने आवडीने चापलं आणि नंतर कळलं की मांसाचे तुकडे बाहेर काढले की त्यांच्या लेखी ते वेगो होत होतं, उकळलेलं एकाच पातेल्यात. तेव्हापासून गुरुवारी मी फक्त पॅनकेक खातो.

वरणफळ

ईईई. सात महिने??

थंडगार

सात महिने. गुरुवार मोजू नका, मी मोजलेत.

मी_मालमोकर

म्हणूनच तर आमच्यासारखे साधे शाकाहारी, ज्यांना व्हीगनिझमशी फारसं देणंघेणं नाही, ते परदेशात व्हीगन पाटी दिसली की घर दिसल्यासारखे आत घुसतात. तिथे तत्त्वज्ञान बाजूला ठेवा, मेनू वरपासून खालपर्यंत सगळा आपला असतो, हे सुख मांसाहारी माणसाला नाही कळणार. मी पहिल्यांदा अशा जागी गेलो तेव्हा दहा मिनिटं नुसता मेनूच वाचत बसलो होतो कारण आयुष्यात पहिल्यांदा मला निवड करायची होती.

ओटच्या दुधाचं म्हणाल तर ते आमच्या इकडचंच. लुंड विद्यापीठात संशोधन झालं, ओटमधल्या स्टार्चवर एन्झाइम घालून ते पातळ आणि गोडसर करायचं, त्यातूनच नव्वदच्या दशकात ओटली कंपनी निघाली. त्यामुळे इथली व्हीगन स्वयंपाकघरं नारळाच्या दुधावर अडून नसतात. क्रीम सॉस म्हणजे त्यांच्या जेवणाचा जीव, आणि तो नारळाचा केला की थाई लागतो, ओटचा केला की स्वीडिश लागतो. व्हीगन स्वीडिश जेवण जमलंय की नाही ते त्या ब्राऊन क्रीम सॉसवर कळतं. बुल्लार, म्हणजे यांचे मीटबॉल, कसेही असोत.

उंडगाभटका

बुल्लार वरून आठवलं, मला हे नकली मांस प्रकरण कळतच नाही. मांस सोडलंय ना? मग त्याच्याच आकाराचे, त्याच्याच चवीचे गोळे कशाला? आपण कधी वांग्याला मटण म्हणतो का?

केळफूल

फणसाच्या भाजीला अर्धा महाराष्ट्र "अगदी मटणासारखी" म्हणूनच वाढतो हो. आणि सोया चंक्सचा रस्सा?

उंडगाभटका

...बरं. फणस मान्य. मागे घेतो.

सांगलीची_सून

आले परत. बुल्लारचं सांगायलाच हवं कारण ते मी घेतले होते. लिहिताना ते के ने सुरू होतं पण म्हणताना शॉटबुल्लार, मला इथे येऊन दोन वर्षं होईपर्यंत मी क म्हणत होते आणि कुणी सुधारलं नाही, इतके हे लोक सभ्य. तर या जागेचे बुल्लार मशरूम, वाटाण्याचं प्रोटीन, कांदा आणि ऑलस्पाइस घातलेले. ऑलस्पाइस म्हणजे मिऱ्यासारखे दिसणारे दाणे पण वासाला लवंग-दालचिनी-जायफळ एकत्र. आतून जरा पिठूळ होते, खोटं कशाला बोलू. पण सॉस, मॅश, लिंगोन आणि बाजूला प्रेसगुर्का असा एकत्र घास घेतला की गोळा कशाचा आहे हा प्रश्न राहत नाही. खारट, आंबट, गोड, मऊ, सगळं एका काट्यावर.

आईंनी माझ्या ताटाकडे बघितलं आणि विचारलं हे काय. मी म्हटलं मशरूमचे कोफ्ते. खोटं नाही ना बोलले? "मीटबॉलची नक्कल" म्हटलं असतं तर त्यांनी ताटच पलीकडच्या टेबलावर सरकवलं असतं.

प्रेसगुर्का मात्र त्यांनी ओळखली. काकडीचे कागदासारखे पातळ काप, मीठ लावून वजनाखाली दाबतात, पाणी पिळून टाकतात, मग व्हिनेगर साखरेचं पाणी. आई म्हणाल्या ही तर कोशिंबीर, दाण्याचं कूट विसरले. आणि मग पाच मिनिटं आमच्या टेबलावर चर्चा, काकडी चालते, साखर चालते, व्हिनेगर उपासाला चालतं का? नवरा फोनवर शोधायला लागला, आई म्हणाल्या ठेव तो फोन, जे शोधावं लागतं ते चालत नाही.

काकामहाराज

"जे शोधावं लागतं ते चालत नाही" वा. हा नियम मी घरी लावणार आहे.

डॉक्टरीणबाई

आमच्याकडे तर कोथिंबीर चालते की नाही यावर दोन जावांमध्ये अकरा वर्षं अबोला आहे, व्हिनेगर लांबच राहिलं.

सून, मला एक सांग, उपास सूर्य मावळल्यावर पूजा-नैवेद्य करून सोडतात ना मार्गशीर्षात? मग स्टॉकहोमला डिसेंबरात सूर्य मावळतो कधी?? 😄

सांगलीची_सून

डॉक्टरीणबाई, तुम्ही बरोब्बर तिथे आलात जिथे मी कथा नेत होते!

पावणेतीनला. दुपारी पावणेतीनला.

आम्ही जेवून कॉफी घेत होतो (लंचच्या पैशात सॅलड, ब्रेड आणि कॉफी आलीच, दीडशे क्रोनरच्या आसपास). आई खिडकीतून बघत होत्या. तळघराच्या खिडकीतून फक्त लोकांचे पाय दिसतात आणि वर आभाळाची एक पट्टी. ती पट्टी आधी गुलाबी झाली मग निळी मग रस्त्यावरचे दिवे लागले. आई म्हणाल्या, किती वाजले गं. म्हटलं तीन. त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, दिवेलागण झाली की.

मला कळेना हसावं का काय. नवरा लगेच, आई, सोड की मग उपास, हे बघ सूप गरम आहे अजून. आणि वर त्याचं लॉजिक की इथे पावणेतीन म्हणजे सांगलीत सव्वासात, तिकडेही सूर्य मावळलाय, दोन्हीकडून क्लिअर!

उंडगाभटका

नवरा वकील आहे का?

सांगलीची_सून

टेस्टर आहे. सॉफ्टवेअरमधला.

आई ऐकणाऱ्यातल्या नाहीत. म्हणाल्या सूर्य मावळला हे खरं, पण देवीला नैवेद्य झाला का? मग डबा मांडीवर घेऊन मेट्रोने घरी. सूपात कांदा, शिवाय बाहेरचं, त्यामुळे त्याचा नैवेद्य नाहीच. घरी येऊन हातपाय धुऊन त्यांनी केळं घालून शिरा केला, साजूक तुपात (केळफूल, माफ करा), समई लावली, आरती केली. सव्वाचार वाजले होते, बाहेर मिट्ट काळोख, खालच्या मजल्यावर कुणाचं तरी ख्रिसमसचं गाणं चालू, आणि वर आमची आरती. मग नैवेद्याचा शिरा तोंडात घालून त्यांनी उपास सोडला आणि म्हणाल्या, आण तुझं ते सूप.

सूपाबरोबर हॉटेलवाल्यांनी कागदात गुंडाळून मोहरी दिली होती. इथे अर्टसोप्पा मोहरीशिवाय खात नाहीत, ताटाच्या कडेला एक गोळा घ्यायचा आणि प्रत्येक चमच्याला थोडी थोडी लावायची. आईंनी बोटाने चाटून बघितली आणि त्यांचा चेहराच उजळला. "मोहरी फेसलीय!" आमच्याकडे केळ्याच्या रायत्याला आणि लोणच्याला मोहरी फेसतात, नाकात जाईपर्यंत. त्यांना वाटलं होतं ही विद्या आता त्यांच्याबरोबरच संपणार कारण मला ती येत नाही.

सूपाबद्दलचा निकाल असा: "पातळ वरण आहे. वाटाण्याचं. चांगलं शिजवलंय, गाळ राहिलेला नाही. पण फोडणी द्यायला विसरलेत." आणि उठून कढल्यात तेल, हिंग, जिरं, लाल मिरची. चर्र झालं ते सूपात गेलं आणि पूर्ण घराला सांगलीचा वास.

केळफूल

माफ केलं, तेलाची फोडणी होती म्हणून 😊 आता मला ही रेसिपी हवी. थाइम घालतात ना?

सांगलीची_सून

हो. मी नंतर त्या काउंटरवरच्या मुलाला विचारून आले (तो मला "देवीवाली" म्हणून ओळखतो आता). अर्धा किलो सुके पिवळे वाटाणे, अख्खे, रात्रभर भिजवायचे. ते पाणी फेकून ताज्या पाण्यात शिजायला लावायचे. पहिल्या उकळीला फेस आणि सालं वर येतात ती काढायची, हे आळस न करता करायचं. मग दोन कांदे, एक चिरून, एक अख्खा सोलून त्याला दोन लवंगा टोचून. थाइम आणि मार्जोरम. मंद आचेवर दीड-दोन तास, वाटाणे निम्मे मोडेपर्यंत. मीठ शेवटी. मांसाचा धुरकट वास ते लोक मशरूम कडक परतून आणि स्मोक्ड मिठाने आणतात. कुकरला लावलं तर वेळ वाचतो पण पार पिठलं होतं, त्यापेक्षा पातेल्यातच करा.

वरणफळ

भारतात पिवळे वाटाणे म्हणजे आपले रगड्याचेच ना? पांढरे वाटाणे म्हणून मिळतात ते?

मी_मालमोकर

हो तेच, जात तीच. म्हणजे आपण ज्याचा रगडा करून वर शेव-चिंच घालतो त्याचं हे लोक थाइम घालून सूप करतात.

प्रेसगुर्का करणार असाल तर एक इशारा. इथलं व्हिनेगर म्हणजे एत्तिका, ते बारा टक्के आणि चोवीस टक्के अशा दोन ताकदीचं मिळतं. १-२-३ असं माप आहे, एक भाग एत्तिका, दोन साखर, तीन पाणी, पण ते बारा टक्क्याचं धरून. मी पहिल्या वर्षी चोवीसवाली बाटली आणली आणि रूममेटला वाटलं मी टाइल्स साफ करतोय.

काकामहाराज

नवी मुंबईत आयकिया, ते स्वीडिश फर्निचरचं दुकान, उघडलं (२०२० ला) तेव्हा सुनेने नेलं होतं, तिथे व्हेज बॉल खाल्ले होते. सॉस कुठे होता आठवत नाही पण लिंगोन आठवतंय. मला ते करवंदाच्या मुरंब्यासारखं वाटलं होतं, आज सून ताईंनी तेच लिहिल्यावर बरं वाटलं, घरात सगळे हसले होते मला.

थंडगार

त्या जागी कोबीचे डोल्मे मिळतात का? कोल्दोल्मार. कोबीच्या पानात सारण गुंडाळून भाजलेले, वर गोड सिरप. नाव ऐकूनच कळतं की डोल्मा तुर्कांचा. बारावा कार्ल राजा १७०९ मध्ये पोल्टाव्हाला रशियाकडून हरला आणि पळून ऑटोमन मुलखात जाऊन पाच वर्षं राहिला, उधारी करून. परत आला तर मागोमाग सावकार आले. त्या सगळ्या भानगडीतून डोल्मा इकडे आला असं सांगतात, आणि द्राक्षाची पानं कुठून आणणार म्हणून कोबी. १७५५ च्या कायसा वार्गच्या स्वयंपाकाच्या पुस्तकात डोल्मा आहे. म्हणजे यांचं "आजीच्या हातचं अस्सल" म्हणजेसुद्धा उधारीवरचंच.

डॉक्टरीणबाई

आणि आपला साबुदाणा, बटाटा, मिरची, शेंगदाणा काय कोकणात उगवला होता? उपासाच्या ताटातलं निम्मं सामान अमेरिका खंडातलं आहे. तरी ते चालतं आणि ओट चालत नाही.

काकामहाराज

डॉक्टरीणबाई, ओटला अजून तीनशे वर्षं द्या.

सांगलीची_सून

😂😂 थंडगार, मिळतात, भात आणि मसूर भरून. आईंना पुढच्या सोमवारी तेच खायला नेलं (सोमवार करत नाहीत त्या, आधी विचारून घेतलं यावेळी). डोल्मे आवडले पण वरचं सिरप नाही. शेपूचं मात्र त्यांनी शेवटपर्यंत मनावर घेतलं. शेपू कच्चा? बटाट्यावर? चिप्सच्या पाकिटावरसुद्धा शेपू? आमच्या ह्यांना लहानपणी शेपूच्या भाजीला रडवलं ते आता दुकानातून शेपूच्या चवीचे चिप्स विकत आणून खातात हे बघून त्यांना काय वाटलं ते मी इथे लिहू शकत नाही.

वरणफळ

आणि गोड? केशराचे बन असतात ना डिसेंबरात?

सांगलीची_सून

हो लुसेकात्तेर, तेरा डिसेंबरला लुसियाचा सण असतो तेव्हाचे. एस आकाराचे पिवळेधमक, दोन टोकांना दोन मनुका. त्या व्हीगन जागेचे जरा कोरडे होते, लोण्याची उणीव तिथे कळते, केळफूल रागावू नकोस. पण त्यांचा वेलदोड्याचा बन अप्रतिम. वेलदोडा पूड करून नाही, जाडसर कुटून घालतात, दाताखाली येतो. आईंनी बन उलगडून आतले काळे दाणे बघितले, नखाने एक काढला, चावला आणि विचारलं, हे लोक वेलदोडा आणतात कुठून? एवढा? श्रीखंडालासुद्धा मी इतका नाही घालत. मग मला हळूच म्हणाल्या की पुढच्या वेळी येताना वेलदोडे आणत नाही, इथूनच घेऊन जाते.

थंडगार

सून ताई, त्या मुलाला तू शेवटी काय सांगितलंस देवीबद्दल? तो अर्धवटच राहिला किस्सा.

सांगलीची_सून

काही नाही, जायच्या आधी आईंनीच सांगितलं. हातवाऱ्यांनी आणि माझ्या तोडक्या भाषांतराने. तो म्हणाला त्याची आजीपण ईस्टरच्या आधी काय काय सोडायची. मग त्याने विचारलं की पुढच्या गुरुवारी आलात तर तुमच्यासाठी थोडा मॅश ओट न घालता, नुसत्या बटाट्याच्या पाण्यात आणि रेपसीडच्या तेलात करून ठेवू का.

आई म्हणाल्या, त्याला म्हणावं शेंगदाण्याचं तेल असेल तर बघ.

केळफूल

रेपसीड म्हणजे मोहरीचीच बहीण ना? उपासाला मोहरी चालते का? 🙈

डॉक्टरीणबाई

केळफूल नको. अकरा वर्षं.